चौथ्या पुत्राचा पक्षी

गेल्या महिन्यात मॉन्ट्रिऑलहून आमच्या धाकट्या पुतण्याने एक छायाचित्र धाडले. तेथील मॅकगिल विद्यापीठात तो शिकतो. नव्या कोटाच्या छातीवर विद्यापीठाची ढाल भरतकामाने काढलेली, आणि ढालीवर तीन तांबडे पक्षी. खाली त्याने लिहिले होते, ‘काका, कापड चांगले आहे, टाकाही बारीक आहे, पण पक्ष्यांचे पाय भरायचे राहून गेले आहेत. माल परत करू का?’ कापडवाल्याच्या घरात वाढलेल्या मुलाने वस्त्र हाती येताच आधी खोट शोधावी, हे वळण घरचेच. मी कळवले, की परत करू नकोस. पाय राहून गेलेले नाहीत, ते मुळातच नाहीत. त्यावर स्वाभाविकपणे ‘का?’ असा प्रश्न आला, आणि त्याचे उत्तर दूरध्वनीवर मावेना. म्हणून या अंकाचे सदर त्या उत्तराला देत आहे. जुन्या रोजमेळाच्या वह्यांवरील लेखाचा उत्तरार्ध वाचकांनी पुढील अंकापर्यंत उधार ठेवावा, ही विनंती.

या पक्ष्याचे नाव मार्टलेट. युरोपातील, विशेषतः इंग्लंडमधील, कुलचिन्हांत तो शेकडो वर्षे आढळतो. आकार भिंगरीसारखा, पंख मिटलेले, शेपूट किंचित दुभागलेली, आणि जेथे पाय असावयाचे तेथे पिसांचे दोन झुबके. फ्रान्समध्ये त्याला मेर्लेत म्हणतात. तेथील चित्रकारांनी पुढे त्याची चोचही काढून घेतली.

कुलचिन्ह म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावणे कठीण नाही. मंदिरात पद्मासनस्थ मूर्ती एकमेकींसारख्याच दिसतात. पीठावरचे लांछन पाहून आपण ओळखतो, की वृषभ आहे तर आदिनाथ, क्रौंच आहे तर सुमतिनाथ. बाराव्या शतकात युरोपातील सरदारांपुढे अशीच अडचण होती, अर्थात फार वेगळ्या कारणाने. रणांगणावर शिरस्त्राणाने चेहरा झाकला गेला, की आपला कोण आणि परका कोण हे कळेना. तेव्हा ढालीवर ठळक रंगांत खूण रंगवण्याची चाल पडली. बापाची खूण मुलाकडे जाऊ लागली आणि तिचे कुलचिन्ह झाले. दोन घराण्यांची खूण एकच निघाली, की तंटे होत. म्हणून नोंदी ठेवणारे अधिकारी आले. लंडनमध्ये १४८४ साली स्थापन झालेले ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ आजही हेच काम करते. व्यापारचिन्हाची नोंदणी आपण ज्या हेतूने करतो, तोच हेतू.

पण मूर्तीचे लांछन एकाचे असते, कुलाची ढाल साऱ्या कुलाची. बापाला चार मुलगे असतील तर चौघांच्या ढाली सारख्याच दिसणार. मग थोरला कोणता आणि धाकटा कोणता? यावर इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकाच्या अखेरीस एक पद्धत बसली. जॉन राइद नावाच्या, ‘गार्टर किंग ऑफ आर्म्स’ या पदावरील अधिकाऱ्याला तिचे श्रेय दिले जाते. प्रत्येक पुत्राने बापाच्या ढालीवर आपल्या क्रमांकाची एक लहानशी खूण जोडावयाची. थोरल्याला लोंबत्या पट्ट्यांची आडवी फीत, तीही बाप हयात असेपर्यंतच. बाप गेला की फीत काढावयाची आणि ढाल निर्भेळ त्याची. दुसऱ्याला चंद्रकोर, तिसऱ्याला तारा, चौथ्याला मार्टलेट. पाचव्याला कडे, सहाव्याला कमलिनीसारखे एक फूल, सातव्याला गुलाब. आणि पुढे नवव्यापर्यंत सोय आहे. व्यवहारात ही पद्धत काटेकोरपणे फार थोड्यांनी पाळली. कागदावर नीटनेटक्या दिसणाऱ्या पुष्कळ पद्धतींचे असेच होते.

चौथ्याला बिनपायांचा पक्षीच का, याचे स्पष्टीकरण सतराव्या शतकाच्या आरंभी जॉन गिलिम या लेखकाने आपल्या कुलचिन्हांवरील ग्रंथात दिले आहे, आणि तेच पुढे सर्वत्र रूढ झाले. त्याचा आशय असा: धाकट्या भावांना पाय टेकायला जमीन मिळणार नाही, म्हणून त्यांनी पायांवर विसंबू नये, गुणांच्या आणि कर्तृत्वाच्या पंखांवर विसंबावे.

हे वाक्य ऐकायला गोड आहे, परंतु त्याच्या मागे एक कठोर कायदा उभा आहे. इंग्लंडमध्ये मृत्युपत्र नसेल तर बापाची जमीन एकट्या थोरल्या मुलाकडे जाई. ही रीत नॉर्मन काळापासून चालत आली आणि १९२५ च्या कायद्याने संपली. धाकट्यांनी धर्मपीठात जावे, सैन्यात जावे, लंडनच्या एखाद्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करावी, अथवा दूरच्या देशी जाऊन नशीब काढावे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांत आणि लष्करी उमेदवारांत अशा धाकट्या पुत्रांचा भरणा मोठा होता. मुंबईच्या आणि सुरतेच्या पेढ्यांशी ज्यांनी व्यवहार केले, त्यांतील कितीतरी साहेब हे आपल्या गावी जमिनीचा तुकडाही न मिळालेले चौथे-पाचवे भाऊ होते. आपल्या इतिहासाकडे या बाजूने आपण क्वचितच पाहतो.

गिलिमच्या किती तरी आधी होऊन गेलेल्या एका चौथ्या पुत्राची कथा येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. विल्यम मार्शल हे त्याचे नाव. जन्म ११४६ च्या सुमाराचा. राजा स्टीफनने ११५२ साली त्याच्या बापाच्या न्यूबरी येथील गढीला वेढा घातला, तेव्हा तहाच्या बोलण्यात पाच-सहा वर्षांच्या या मुलाला ओलीस ठेवले गेले. बापाने वचन मोडले. राजाने निरोप धाडला, की गढी दे, नाहीतर मुलाला फासावर देतो. बापाने उलट कळवले, की खुशाल दे; याहून चांगले मुलगे घडवायला माझी ऐरण आणि हातोडा शाबूत आहे. राजाला त्या पोराची दया आली आणि त्याने त्याला जिवंत ठेवले. बापाच्या हिशेबातून पाचव्या वर्षीच वजा झालेला हा मुलगा पुढे घोड्यावरून खेळल्या जाणाऱ्या लुटुपुटीच्या लढायांच्या स्पर्धांत बक्षिसे जिंकून पोट भरू लागला, राजघराण्याच्या सेवेत शिरला, पेम्ब्रोकचा अर्ल झाला, आणि १२१६ साली नऊ वर्षांचा तिसरा हेन्री गादीवर आला तेव्हा साऱ्या इंग्लंडचा कारभार या बिनजमिनीच्या मनुष्याच्या हाती सोपवला गेला. त्याच्या ढालीवर मात्र मार्टलेट नव्हता. तांबडा सिंह होता. खुणांची ती पद्धत जन्मायला अजून पावणेतीनशे वर्षे होती.

मार्टलेट आला तो त्याच्या नातजावयाच्या ढालीवर. तिसऱ्या हेन्रीचा सावत्र भाऊ विल्यम डी व्हॅलन्स १२४७ साली फ्रान्समधून इंग्लंडला आला. तोही धाकट्यांपैकीच. मार्शलच्या नातीशी त्याचा विवाह झाला आणि तिच्याकडून पेम्ब्रोकची जहागीर त्याला लाभली. बापाच्या घराण्याची ढाल पांढऱ्या-निळ्या आडव्या पट्ट्यांची होती. आपण वेगळे आहोत हे दाखवण्यासाठी त्याने तिच्या कडेने तांबड्या मार्टलेटांची माळ लावली. १२९६ साली तो वारला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याची समाधी आहे, आणि तिच्यावरील पुतळ्याच्या ढालीवर फ्रान्सच्या लिमोझ येथील कारागिरांनी मिनाकामात भरलेले ते पक्षी सातशे वर्षांनंतरही तांबडेच आहेत. आपल्यापैकी जे जवाहिऱ्याच्या धंद्यात आहेत, त्यांनी लंडनला गेल्यावर राजांच्या समाध्या पाहून झाल्या की त्या ढालीपाशी थोडे थांबावे. तांब्यावर रंग इतकी शतके कसा टिकला, याचा उलगडा त्यांना माझ्यापेक्षा अधिक होईल.

मूळ प्रश्नाकडे येतो. पाय गेले कोठे? जमीन नाही म्हणून पाय नाहीत, हा अर्थ सुंदर आहे. पण तो मागाहून लावलेला आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पक्षी आधीचा, अर्थ नंतरचा. एडवर्ड द कन्फेसर या राजाच्या नावाने जी ढाल दाखवतात, तिच्यावर निळ्या जमिनीवर सोनेरी क्रूस आणि पाच सोनेरी मार्टलेट आहेत. हा राजा १०६६ साली वारला, तेव्हा कुलचिन्हे अस्तित्वातच नव्हती. झाले असे, की त्याच्या एका चांदीच्या नाण्यावर क्रूस आणि चार पक्षी होते. दोन शतकांनंतरच्या मंडळींनी त्यावरून त्याच्यासाठी एक ढाल रचली, आणि नाण्यावरचे साधे पाखरू पाय गमावून मार्टलेट झाले. काही फ्रेंच लेखकांनी तर चोच नाही, पाय नाहीत, म्हणून हा धर्मयुद्धात जखमी होऊन परतलेला वीर आहे असेही लिहून ठेवले. मला वाटते, कारण याहून साधे असावे. ढालीच्या काठाने आठ-दहा पक्षी बसवायचे तर प्रत्येक बोटभर आकाराचा होणार. इतक्या लहान आकृतीला पाय काढले तर दुरून ते दिसत नाहीत, आणि जवळून किडीसारखे दिसतात. चित्रकाराने ते गाळले असतील. आणि ज्या पक्ष्याचे पाय नाहीतच असे लोक मानत होते, त्याचे पाय गाळण्यात त्याला संकोचही वाटला नसेल.

तसा पक्षी खरोखर आहे, आणि तो आपल्या दाराशी आहे. त्याला आपण पाकोळी म्हणतो. (काही गावांत लहान वटवाघळालाही हेच नाव देतात, येथे अभिप्रेत आहे ते पाखरू.) जुन्या वाड्यांच्या दिंडीदरवाजांत, मंदिरांच्या सभामंडपांत, किल्ल्यांच्या कमानींखाली पिसे आणि काड्या लाळेने चिकटवून ती घरटे करते. काळसर अंग, कमरेवर पांढरा पट्टा, पंख विळ्यासारखे. संध्याकाळी थव्याने चीत्कारत घिरट्या घालते. तारेवर किंवा फांदीवर बसलेली पाकोळी कोणी पाहिलेली नाही, कारण तिला तसे बसताच येत नाही. पाय आहेत, पण इवलेसे. उभ्या भिंतीला आकड्यासारखे अडकण्यापुरते. जमिनीवर पडली तर पुन्हा उठणे तिला फार जड जाते. प्राचीन ग्रीकांना हे ठाऊक होते. ॲरिस्टॉटलने अशा पक्ष्यांना बिनपायांचे म्हटले आहे, आणि आजच्या शास्त्रीय परिभाषेतही तिचे कुलनाम ‘एपस’ आहे, ज्याचा अर्थ तोच. पायांचा उपयोग नाही, येथून पायच नाहीत, येथपर्यंत लोकसमजुतीचे अंतर फारसे नसते.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपातील पाकोळ्यांच्या पाठीवर अगदी हलकी नोंदयंत्रे बसवून २०१६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरट्याचा काळ सोडला तर वर्षातील दहा महिने हे पक्षी हवेतच असतात. काहींनी तर त्या दहा महिन्यांत एकदाही कोठे पाय टेकला नाही. खाणे उडता उडता, आणि झोपही बहुधा उडता उडताच. हे वाचले तेव्हा आगमांतील खेचर जीवांचे वर्गीकरण आठवले: चर्मपक्षी, रोमपक्षी, समुद्गपक्षी आणि विततपक्षी. यांतील विततपक्ष्याचे पंख सदैव पसरलेलेच असतात, आणि तो मनुष्यक्षेत्राच्या बाहेरच आढळतो असे सांगितले आहे. पाकोळीला त्या वर्गात बसवण्याचा मोह मी टाळतो. ती आपली साधी रोमपक्षी. एवढेच, की कधीही न मिटणाऱ्या पंखांची कल्पना माणसाच्या मनाला किती ठिकाणी स्पर्श करून गेली आहे, याचे नवल वाटते.

तिची दूरची एक बहीण वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातील खडकांवर राहते. ती लाळेचे घरटे करते, आणि परदेशात त्या घरट्यांचे सूप करून पितात. म्हणून ती घरटी पिल्लांसह ओरबाडून चोरट्या मार्गाने विकली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने हा प्रकार उजेडात आणला आणि घरट्यांच्या राखणीचे काम हाती घेतले. ज्यांना जीवदयेच्या कार्यात काही द्यावयाचे असते, त्यांनी पांजरापोळाच्या जोडीला अशा कामांकडेही पाहावे.

बिनपायांच्या पक्ष्यांत आणखी एकाची गणना झाली, आणि त्यात दोष सरळसरळ व्यापाराचा आहे. मॅगेलनच्या तांड्यातील ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज १५२२ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून स्पेनला परतले, तेव्हा मोलुक्का बेटांच्या एका राजाने स्पेनच्या राजासाठी दिलेली नंदनपक्ष्याची कातडी त्यात होती. पुढे असा माल वारंवार येऊ लागला. न्यू गिनीकडील लोक पक्षी मारून, त्याचे पाय कापून, पिसाऱ्यासह कातडे वाळवून विकत. घेणाऱ्याला पिसारा हवा असे, पायांशी कोणाला काय कर्तव्य? युरोपात पोचेपर्यंत त्या न दिसणाऱ्या पायांची आख्यायिका झाली. हा स्वर्गातला पक्षी, हा जमिनीला शिवत नाही, दवबिंदूंवर जगतो, मादी नराच्या पाठीवर अंडी घालते! मॅगेलनबरोबर गेलेल्या पिगाफेत्ताने त्याला पाय असतात असे लिहून ठेवले होते. पण गिऱ्हाइकाला रोखा आवडला, की तो पावती वाचत नाही. १७५८ साली लिनियसने त्या पक्ष्याला जे शास्त्रीय नाव दिले, त्यातही ‘बिनपायांचा’ हा शब्द कायमचा बसला. १८५७ मध्ये आल्फ्रेड वॉलेस आरू बेटांवर जाऊन त्या पक्ष्यांना त्यांच्या रानात पाहून आला, तेव्हा पाय जागेवरच होते. विकणाऱ्याने पाय कापले आणि घेणाऱ्याने त्याचा चमत्कार केला. आपल्या बाजारात असे किती चमत्कार आजही वजनावर विकले जातात, याचा विचार ज्याने त्याने आपापल्या गल्ल्यावर बसून करावा.

क्रिकेटची आवड असणाऱ्या वाचकांनी मार्टलेट कदाचित पाहिलाही असेल. इंग्लंडच्या ससेक्स परगण्याच्या निळ्या ध्वजावर सहा सोनेरी मार्टलेट असतात, आणि तेथील क्रिकेट संघाच्या बोधचिन्हातही तेच सहा आहेत. ज्यांच्या नावाने आपली रणजी करंडक स्पर्धा चालते ते रणजितसिंहजी, त्यांचे पुतणे दुलीपसिंहजी आणि पुढे मन्सूर अली खान पतौडी, या तिघांनीही ससेक्सचे नेतृत्व केले.

आता पुतण्याच्या कोटावरील पक्ष्यांकडे. ते ज्याच्या घराण्याच्या नावाने आले, तो जेम्स मॅकगिल आपल्यासारखाच व्यापारी. १७४४ साली ग्लासगो येथे जन्मला, कॅनडात गेला आणि मॉन्ट्रिऑलच्या मोठ्या धनिकांत गणला गेला. १८१३ साली वारला, तेव्हा स्वतःचे अपत्य नव्हते. मृत्युपत्रात त्याने सेहेचाळीस एकरांची आपली वाडी आणि दहा हजार पौंड महाविद्यालयासाठी ठेवले. १८२१ साली सनद मिळाली. परंतु पत्नीच्या पहिल्या घरच्या वारसांनी दावे लावले आणि प्रत्यक्ष अध्यापन १८२९ मध्ये सुरू झाले. दानशूर व्यापाऱ्याच्या कथेला येथे पूर्णविराम देता आला असता. पण त्याचा व्यापार होता केसाळ कातड्यांचा. बीव्हर आणि तत्सम जनावरांच्या कातड्यांच्या राशी त्याच्या वखारींतून युरोपात जात. त्याच्या घरी विकत घेतलेले गुलाम होते, हेही आता त्याचे विद्यापीठ स्वतःच मान्य करते. हे मी पुतण्याला कळवले तेव्हा तो काही दिवस गप्प होता. मग त्याने लिहिले, ‘कोट घालावा की नाही?’ मी उत्तर दिले, की ते तूच ठरव. मात्र जे ठरवशील ते जाणून ठरव. त्याने कोट ठेवला आहे. घालतो की नाही, मी विचारलेले नाही.

हा सारा पत्रव्यवहार घरात मोठ्याने वाचला जात होता. एके दिवशी त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या पुतणीने, जी सध्या दुकानाचे हिशेब आणि कराची विवरणपत्रे पाहते, मान वर न करता विचारले, ‘काका, चौथ्या मुलाला पक्षी, नवव्याला फूल, मुलीला काय?’ उत्तर असे, की इंग्लंडच्या त्या पद्धतीत मुलीला क्रमांकाची खूणच नाही. साऱ्या मुली बापाचे चिन्ह सारख्याच हक्काने वापरतात, ढालीऐवजी चौकटीच्या एक्क्याच्या आकारात. कोणी थोरली नाही, कोणी धाकटी नाही. ती म्हणाली, ‘म्हणजे मोजलेच नाही.’ मी काही बोललो नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपणा जैनांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने कन्येला वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, हे तिला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. आमच्या पेढीच्या पाटीवर अजून ‘आणि बंधू’ एवढेच आहे, हेही तिला दिसते.

आपल्याकडे मिताक्षरेने प्रत्येक पुत्राला जन्मतःच वाटा दिला. थोरल्याला सारे आणि धाकट्याला काही नाही, असा अन्याय केला नाही. याचा आपल्याला अभिमान असावाच. परंतु वाटा समान असला, तरी दुकानाची लांबी तेवढीच असते. आमच्या आजोबांना चार मुलगे. १९६४ साली वाटण्या झाल्या, तेव्हा चौघांचे आकडे पै-पैशाने सारखे लिहिले गेले. मी ती वही पाहिली आहे. पण बारा हातांच्या दुकानात गाद्या तीनच मावत होत्या. धाकट्या काकांनी वाटा रोखीत घेतला, आणि कापडाच्या नमुन्यांची ट्रंक घेऊन ते हुबळीकडे फिरतीवर गेले. पुढे तीस वर्षे फिरतच राहिले. घरात त्यांच्याविषयी कौतुकाने म्हणत, ‘त्याच्या पायाला भिंगरी आहे.’ भिंगरी हे गरगर फिरणाऱ्या खेळण्याचे नाव आणि पाकोळीसारख्याच एका पाखराचेही. लहानपणी मला वाटे, की काकांना फिरणे आवडते. फार पुढे, काकांच्या पश्चात, काकू एकदा बोलून गेल्या, की पहिली दोन वर्षे ते रात्री धर्मशाळेच्या ओसरीवर ट्रंकेला पाय बांधून झोपत, कोणी नेऊ नये म्हणून. आणि दिवाळीला घरी येत तेव्हा दुकानात शिरत नसत, बाहेर पायरीवर बसत. वडिलांनी त्यांना कधी ‘आत ये’ म्हटले होते काय, हे मी विचारले नाही. वडील तेव्हा हयात होते; विचारता आले असते.

शेक्सपिअरने या पक्ष्याचा दोनदा उपयोग केला आहे. ‘मॅकबेथ’मध्ये किल्ल्याच्या भिंतीवर त्याची घरटी पाहून पाहुण्यांना वाटते, की येथली हवा निर्मळ असली पाहिजे, त्याच रात्री त्या घरात राजाचा खून होतो. आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये, वरवरचे रूप पाहून निवड करणाऱ्या लोकांना एक राजपुत्र त्याची उपमा देतो, कारण तो घरटे आत न बांधता बाहेरच्या भिंतीवर, ऊनपावसात बांधतो. आत जागा दिली असती तर कोठे बांधले असते, हे मात्र त्या राजपुत्राने सांगितलेले नाही.

आमच्या दुकानाच्या माडीखाली, लाकडी तुळयांच्या खोबणीत, पाकोळ्यांची पंधरा-सोळा घरटी आहेत. मी शाळेत होतो तेव्हाही होती. यंदा दर्शनी भाग पाडून काचेचा करावयाचे ठरले आहे. नकाशे मंजूर झाले, मिस्त्रीने विसारही घेतला. घरटी काढावी लागतील, असे त्याने सांगितले तेव्हा थोरले बंधू म्हणाले, की पिल्ले उडून जाईपर्यंत थांबू. पण पाकोळी एक वीण झाली की दुसरी घालते, आणि पिल्ले नसतानाही वर्षभर रात्रीच्या मुक्कामाला त्याच घरट्यात येते. पुतणीने मिस्त्रीकडून नकाशा मागवून घेतला आणि तुळयांची पहिली ओळ न पाडता काच दोन फूट आत घेता येईल, असे पेन्सिलीने आखून दाखवले. त्यात दर्शनी जागा दोन फुटांनी कमी होते. बंधू अजून हो म्हणालेले नाहीत, नाहीही म्हणालेले नाहीत. नकाशा गल्ल्याच्या काचेखाली ठेवला आहे. पाटी रंगवणारा येत्या सोमवारी माप घ्यायला येणार आहे. पुतण्याने काल फोनवर विचारले, की पाकोळ्या आहेत ना अजून. मी बाहेर येऊन पायरीवर उभा राहिलो आणि फोन वर धरला, म्हणजे त्याला आवाज ऐकू जाईल.